पुण्यातल्या खुनांची आणि भुतांची फेरी: शनिवारवाडा ते टिळक रस्ता, टप्प्याटप्प्याने

रात्री साडेनऊला तीस-चाळीस जण शनिवारवाड्यासमोर जमतात. दिल्ली दरवाजा केव्हाच बंद झालेला असतो. कोणीतरी मोबाइलवर किंकाळीचा आवाज लावतो, कोणीतरी "आज पौर्णिमा आहे ना?" विचारतो, मग सगळे भेळ खाऊन घरी जातात. ‘हाँटेड पुणे’ नावाच्या बहुतेक फेऱ्या अशाच फसतात. वेळ चुकलेली असते, क्रम नसतो, आणि जे सांगितले जाते त्यातले निम्मे त्या जागेवर घडलेलेच नसते.

सोसायटीच्या, कॉलेजच्या किंवा मित्रांच्या गटाला स्वतः घेऊन जायचे असेल, तर हा क्रम वापरा. अंतर साधारण तीन किलोमीटर, वेळ अडीच तास. उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत गेलात की काळही जवळजवळ सरळ पुढे सरकतो: १७७३ पासून १९७७ पर्यंत. उलट दिशेने गेलात तर प्रत्येक थांब्यावर आधीचे संदर्भ द्यावे लागतात आणि ऐकणारे गोंधळतात.

## टप्पा १: घरी बसून करायची तयारी

सर्वांत जास्त वेळ इथे घाला. प्रत्येक थांब्यासाठी एक पोस्टकार्डाएवढा कागद घ्या आणि त्याचे तीन भाग करा: नोंद, तर्क, वदंता.

नोंदीच्या भागात तारीख, नाव, निकाल. तर्काच्या भागात जाणकारांमध्ये मतभेद असलेली गोष्ट. वदंतेच्या भागात आजीने, रिक्षावाल्याने किंवा यूट्यूबने सांगितलेले. तिसरा भाग कमी प्रतीचा म्हणून टाकून द्यायचा नाही, भुते तिथेच राहतात. पण तो सांगताना "असं म्हणतात" हे शब्द तोंडून आलेच पाहिजेत. फेरी फसते ती वदंता नोंदीच्या आवाजात सांगितल्यामुळे.

एक नमुना देतो. नारायणराव पेशव्यांचा खून:

- नोंद: ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. मारेकरी गारदी (पदरचे पगारी शिपाई), त्यांचा म्होरक्या सुमेरसिंग. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि तोही मारला गेला. पुढे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी नारायणरावांचे काका रघुनाथराव यांना दोषी धरले.
- तर्क: रघुनाथरावांची संमती पकडण्यापुरती होती की मारण्याला होती? त्यांच्या पत्नी आनंदीबाईंचा वाटा किती?
- वदंता: ‘ध’चा ‘मा’ करून ‘धरावे’चे ‘मारावे’ केलेली चिठ्ठी, आणि पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणारी "काका, मला वाचवा" ही हाक.

आनंदीबाईंवर चिठ्ठीचा आरोप इतक्या वेळा झाला आहे, की तो वदंतेच्या भागात लिहिताना हात अडखळतो. तरी तिथेच लिहा.

तपासा: कार्डावर "म्हणे" किंवा "असं म्हणतात" एकदाही आले नसेल, तर बहुधा वदंता नोंदीत घुसली आहे.

## टप्पा २: वार, वेळ आणि माणसे

रात्रीचा हट्ट सोडा. शनिवारवाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि संध्याकाळी बंद होतो. वाड्याच्या आत शिरल्याशिवाय नारायणरावांची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. शिवाय तो खून भर दुपारी झाला होता. म्हणून दुपारी चारला सुरुवात करा. वाडा उजेडात बघून होतो, आणि शेवटच्या थांब्यावर पोचेपर्यंत आपोआप अंधारून येते. वातावरणाला तेवढे पुरते.

वार रविवार. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची बरीचशी दुकाने बंद असल्याने चौकात उभे राहायला जागा मिळते. गणेशोत्सवात फेरी काढू नका. खून गणपतीच्याच दिवसांत झाला, त्यामुळे मोह होतो, पण त्या दिवसांत या रस्त्यांवरून तुमचा गट एकत्र पुढे जाणारच नाही.

माणसे बारा ते पंधरा. पेठांमधल्या फुटपाथवर त्याहून जास्त जण उभे राहिले की निम्मे रस्त्यात येतात, आणि मग पेशव्यांऐवजी पीएमपीच्या ड्रायव्हरचे बोलणे ऐकावे लागते. दहा वर्षांखालची मुले असतील तर शेवटचा टप्पा गाळायचा की नाही, हे पालकांना आधीच विचारा.

येताना मेट्रोचे कसबा पेठ स्थानक, जाताना स्वारगेट. गाड्या आणू नका असे स्पष्ट कळवा. फेरी जिथे सुरू होते तिथे संपत नाही, आणि गाडी वाड्यापाशी लावलेला माणूस शेवटचा अर्धा तास घड्याळच बघत असतो.

सावध: माइक आणि स्पीकर नको. तुमचा आवाज पंधरा जणांना पोचत नसेल तर गट कमी करा.

## टप्पा ३: कायद्याची एक गोष्ट, निघण्यापूर्वी

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. भूत बोलावतो असे सांगून लोकांत घबराट पसरवणे, अंगातले भूत उतरवण्याच्या नावाखाली छळ करणे, असे प्रकार त्यात गुन्हा ठरतात. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. भुताची गोष्ट सांगणे हा गुन्हा नाही. पण पैसे घेऊन "आज आपण नारायणरावांच्या आत्म्याशी संपर्क साधू" असली जाहिरात करणे आणि चौकात लिंबू-मिरची, हळद-कुंकू मांडून नाटक करणे यापासून लांब राहा. भुताचा वेश केलेला माणूस कोपऱ्यावरून अंगावर उडी मारतो, ही युक्तीसुद्धा नको. वाटेत वयस्क माणसे असतात, दुचाक्या असतात.

याच संदर्भात एक जागा. शनिवारवाड्यापासून चालत काही मिनिटांवर ओंकारेश्वराचे देऊळ आणि त्याला लागून महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल आहे. या पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना गोळ्या घातल्या गेल्या. हाच कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे झगडत होते. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि वर्षाअखेर कायदा झाला. १० मे २०२४ ला पुण्याच्या न्यायालयाने पाच आरोपींपैकी दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडले.

हा पूल फेरीत घ्यायचा का? माझे मत: भुताच्या फेरीत नको. घ्यायचाच तर सुरुवातीला घ्या, वाड्यात शिरण्याआधी, आणि तिथे फक्त तारीख व निकाल सांगा. ओंकारेश्वराजवळ पूर्वी स्मशान होते, त्यामुळे त्या काठाच्या भुतांच्या गोष्टी मुबलक आहेत. पण एकाच जागी दाभोलकर आणि हडळ दोन्ही सांगणारा वाटाड्या मला तरी सहन होत नाही.

## टप्पा ४: शनिवारवाडा (पाऊण तास)

तिकिटे आधी काढून ठेवा. पाणी, स्वच्छतागृह, सगळे वाड्याच्या आवारातच उरकून घ्यायला सांगा. पुढे सोय शोधत बसावी लागते.

पहिला थांबा, दिल्ली दरवाज्याबाहेरचे पटांगण. इथे नारायणराव सांगू नका. इथे विठोजी होळकर. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने त्यांना वाड्यासमोर हत्तीच्या पायी दिले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ ला, त्यांचे भाऊ यशवंतराव होळकर यांनी हडपसरच्या लढाईत पेशवे आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला आणि बाजीराव पुण्यातून पळाला. वर्षक्रमाने ही गोष्ट नंतरची आहे, पण जागा बाहेरची आहे. आत जाऊन पुन्हा बाहेर येण्यापेक्षा एवढी उलटापालट चालवून घ्या.

दुसरा थांबा, आतली जोती. इथे सगळ्यांची एक अपेक्षा मोडावी लागते. आत वाडा नाही. १८२८ च्या आगीत इमारती जळाल्या. उरले तट, बुरूज, दरवाजे, कारंजी आणि जोती. त्यामुळे "याच खोलीत" असे वाक्य कधीही वापरू नका. खोलीच नाही. बागेकडे हात करून "या आवारात" म्हणा.

आता नारायणराव. कार्डावरची नोंद आधी, शांतपणे. वारंवार होणाऱ्या चुका अशा:

नारायणराव म्हणजे लहान पोर, असे सांगितले जाते. ते अठरा वर्षांचे होते, लग्न झालेले, पत्नी गंगाबाई गरोदर. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये गेल्यावर पेशवाई त्यांच्याकडे आली आणि वर्ष पुरे व्हायच्या आत खून झाला. "काका" ही हाक ऐकून लोकांच्या डोळ्यांसमोर सात-आठ वर्षांचा मुलगा उभा राहतो, म्हणून वय मुद्दाम सांगा.

रात्र नव्हती. दुपार होती. हे वाक्य उच्चारले की गटात चुळबुळ होते, कारण सगळ्यांनी मशाली कल्पलेल्या असतात.

नारायणराव आणि सवाई माधवराव यांची सरमिसळ होते. सवाई माधवराव म्हणजे गंगाबाईंचा मुलगा, बापाच्या खुनानंतर १८ एप्रिल १७७४ ला जन्मलेला. ऑक्टोबर १७९५ मध्ये याच वाड्यात तो वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर पडला आणि दोन दिवसांनी गेला. तोल गेला की उडी घेतली, यावर आजही एकमत नाही, म्हणजे कार्डाचा दुसरा भाग. कारंज्याजवळ उभे राहून ही गोष्ट सांगता येते, आणि मला ती पहिल्या गोष्टीपेक्षा जास्त अस्वस्थ करते: बाप आणि मुलगा, एकच वाडा, बावीस वर्षांचे अंतर.

तिसरा थांबा, नारायण दरवाजा. दक्षिणेकडचा हा लहान दरवाजा पूर्वी जांभूळ दरवाजा म्हणून ओळखला जाई. नारायणरावांचे शव इथून बाहेर काढले म्हणून त्यांचे नाव लागले, असे सांगतात. भुताची गोष्ट इथे, आणि फक्त इथे. आधी सांगितलीत तर नंतरची नोंद कोणी ऐकत नाही. पौर्णिमेची हाक सांगा, "असं म्हणतात" म्हणा, आणि थांबा. स्वतःला आलेला अनुभव म्हणून काहीही जोडू नका. गटातले कोणीतरी जोडेलच, त्याला जोडू द्या.

तपासा: बाहेर पडताना डोकी मोजा. बुरुजावर फोटो काढत राहिलेला एकजण प्रत्येक गटात असतो.

## टप्पा ५: नानावाडा आणि घाशीराम (दहा मिनिटे)

शनिवारवाड्यापासून रस्ता ओलांडला की नाना फडणविसांचा वाडा. इथे रस्त्याच्या कडेला उभे राहून घाशीराम कोतवाल सांगायचा.

अडचण ही की बहुतेकांना तो रंगमंचावरून माहीत असतो. "नाटक बाजूला ठेवा" असे म्हणूनच सुरुवात करा. नोंद एवढी: १७७७ पासून तो पुण्याचा कोतवाल. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या हुकमावरून तेलंगी ब्राह्मणांना कोंडून ठेवले गेले आणि त्यांतले वीसच्या वर गुदमरून मेले. शहर खवळले. नानांनी त्याला लोकांच्या हवाली केले आणि ३१ ऑगस्टला जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले.

गुन्ह्याच्या फेरीतला हा कळीचा थांबा आहे, कारण इथे गुन्हेगार कोण हे पटकन सांगता येत नाही: कोतवाल, जमाव, की त्याला चौदा वर्षे पदावर ठेवणारे? प्रश्न विचारा आणि उत्तर न देता चालायला लागा. पुढच्या चौकापर्यंत गट आपापसात वाद घालत येतो, तुम्हालाही जरा घसा ओला करता येतो.

## टप्पा ६: बुधवार चौक आणि विश्रामबागवाडा

अप्पा बळवंत चौकातून बुधवार चौकात या. फरासखाना पोलीस ठाण्याच्या आसपास पेशव्यांचा बुधवार वाडा होता. मे १८७९ मध्ये तो जळाला, विश्रामबागवाड्यालाही आग लागली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस. सरकारला प्रत्येक सुशिक्षित पुणेकरावर संशय येत होता, आणि न्यायमूर्ती रानड्यांची धुळ्याला बदली झाली ती याच वातावरणात. फडके जुलैत पकडले गेले, खटला पुण्यात चालला, जन्मठेपेवर एडनला पाठवले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच वारले.

बुधवार चौकात गर्दी असते, त्यामुळे हे सगळे विश्रामबागवाड्यासमोर पोचल्यावर सांगा. चौकात फक्त बोट दाखवा.

सावध: "गुन्हेगारी इतिहास" म्हटले की काही आयोजक बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीच्या गल्ल्यांतून गट फिरवतात. हे करू नका. तिथल्या बायका तुमच्या फेरीतला थांबा नाहीत. गटातून कोणी सुचवले तर तिथल्या तिथे नाही म्हणा, आणि मोबाइल खिशात ठेवायला सांगा.

## टप्पा ७: खुन्या मुरलीधर

सदाशिव पेठेतले हे देऊळ नावामुळेच सगळ्यांना हवे असते. पण दोन वेगळ्या काळांतले रक्त इथे एकत्र कालवले जाते.

पहिली हकिगत देवळाच्या स्थापनेची, १७९७ ची. सावकार दादासाहेब गद्रे यांनी देऊळ बांधले. मूर्तीच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी गद्र्यांच्या पदरचे अरब आणि बॉइड नावाच्या गोऱ्या कप्तानाची पलटण यांच्यात वाटेवरून चकमक झाली, माणसे मेली आणि देवाला हे नाव चिकटले, असे सांगतात.

दुसरी घटना शंभर वर्षांनंतरची. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी झाली. पोलिसांना माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना ८ फेब्रुवारी १८९९ ला सदाशिव पेठेत घरातून बाहेर बोलावून वासुदेव चापेकर आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे (न्यायमूर्ती रानडे वेगळे) यांनी गोळ्या घातल्या. त्या वर्षीच्या मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण चापेकर यांना फाशी झाली.

नाव दुसऱ्या घटनेमुळे पडले असे सांगणारे भेटतात. हुज्जत घालू नका, दोन्ही तारखा सांगा.

शब्द जपून वापरायची जागा हीच. गारदी, चापेकर आणि पुढच्या थांब्यावरचे चौघे यांना एकाच सुरात ‘खुनी’ म्हटलेत तर फेरी तिथेच संपेल, आणि ते योग्यच होईल. न्यायालयाने काय ठरवले ते सांगा, आणि लोकांनी चापेकरांचे पुतळे उभारले हेही सांगा. रँडच्या खुनाची खरी जागा इथून लांब आहे. ती चालत जोडायचा प्रयत्न करू नका.

देवळात जायचे तर चपला काढून, दर्शन घेऊन, गप्प. खुनाच्या गोष्टी रस्त्यावर. आजूबाजूला लोक राहतात आणि संध्याकाळी खिडक्या उघड्या असतात.

## टप्पा ८: टिळक रस्ता, १९७६–७७

शेवटचा थांबा, आणि सगळ्यात जास्त संयम इथे लागतो. अभिनव कला महाविद्यालयाच्या समोरच्या बाजूला, रस्त्यापलीकडे उभे राहा. फाटकापाशी जाऊ नका. आज शिकणाऱ्या मुलांचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही.

जोशी-अभ्यंकर खून खटला (मारल्या गेलेल्या दोन कुटुंबांच्या नावांवरून): जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जणांचे खून. मारेकरी राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शहा, सगळे याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार झाला. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. आणीबाणीचा काळ, आणि दिवेलागणीनंतर दार उघडायला घाबरणारे शहर.

याची तयारी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून करा, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींवरून नाही. खून कसे केले याचे तपशील सांगू नका. दोरी, गाठ, मुखवटे यांवाचून गोष्ट अपुरी राहत नाही. ज्या घरांत हे घडले ती घरे फेरीत घ्यायची नाहीत, पत्ता सांगायचा नाही, नकाशावर खूण करायची नाही. नारायणरावांना अडीचशे वर्षे झाली. इथे मात्र मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक याच शहरात असू शकतात, कदाचित तुमच्याच गटात. म्हणून आधी विचारा: "या काळात कोणाच्या घरी याची झळ पोचली होती का?" हात वर झाला तर नोंद दोन वाक्यांत संपवा आणि त्या माणसाला बोलायचे असेल तर बोलू द्या.

या थांब्यावर भूत नाही. कोणी विचारले तरी नाही.

## टप्पा ९: फेरी संपल्यावर

स्वारगेटकडे जाताना एखाद्या अमृततुल्यात बसा. साठीपुढचे कोणी बरोबर असेल तर १९७६ च्या हिवाळ्यातल्या आठवणी इथे निघतात: कोण कधी घरी येत असे, दाराला कोणती नवी कडी बसवली, शेजारी कसे हाक मारून खात्री करून घेत. परवानगी घेऊन लिहून ठेवा. आवाज टेप करायचा तर आधी विचारा. त्या आठवणी पुढच्या फेरीत वापरायच्या झाल्या तर नाव न घेता वापरा.

त्याच रात्री कार्डे काढून दुरुस्त्या करा. गटातल्या कोणी तारखेवर हरकत घेतली असेल तर तिथे प्रश्नचिन्ह घाला आणि पुढच्या रविवारच्या आत भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात जाऊन खात्री करून या. मंडळ सदाशिव पेठेतच आहे.